एका ताटातले दोघे : एकाच पिकातून धान्य आणि चारा कसा साधावा

जेवायला बसतो ते ताट, आणि शेतात उभं असतं तेही ज्वारीचं ताटच. एकाच शब्दात दोघांची सोय आहे. कणीस माणसाकडे जातं, उरलेलं ताट कडबा होऊन गव्हाणीत पडतं. ऐकायला सोपं वाटतं, पण करताना घोटाळा होतो तो वेळेचा. तेच गवत आठ दिवस आधी कापलं तर जनावराला विष, वेळेवर कापलं तर उत्तम वैरण, आणखी महिनाभर ठेवलं तर दाणा भरपूर पण ताट लाकडासारखं. ‘कोणतं पीक लावू?’ याआधी ‘कोणासाठी आणि केव्हा कापू?’ हा प्रश्न सोडवावा, असं माझं मत आहे.

गवत कशाला म्हणायचं

गहू, भात, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, जव, ओट, राळा, वरी ही सगळी एकाच गवत कुळातली मंडळी. ऊस आणि बांबूसुद्धा त्याच घरातले. राजगिरा आणि कुट्टू मात्र या कुळातले नाहीत. त्यांचं पीठ धान्यासारखं वापरतो इतकंच.

गवताचा वाढीचा कोंब शेंड्यावर नसून बराच काळ बुडाशी, जमिनीलगत असतो. म्हणून जनावराने वरून ओरबाडलं तरी ते पुन्हा फुटतं. ते चरण्यासाठीच घडल्यासारखं आहे. पानाताटातला मुख्य माल म्हणजे सेल्युलोज, आणि ते पचवण्याचं सामर्थ्य आपल्या आतड्यात नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोठीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि त्यातून जनावराला ऊर्जा मिळते. घोडा आणि ससा हेच काम पोटाच्या मागच्या टोकाला, मोठ्या आतड्यात करतात. माणसाच्या वाट्याला येतो तो फक्त दाणा, कारण त्यात पिष्ट असतं. ही वाटणी निसर्गानेच केलेली आहे, त्यामुळे दोघांत भांडण नाही. भांडण लागतं ते दाणा दोघांनाही हवा असतो तेव्हा.

पायरी पहिली : तोंडं मोजा

हिशोब ओल्या वजनावर करू नका, कोरड्या अंशावर करा. मोठं दुभतं जनावर आपल्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा अंश रोज खातं. 400 किलोच्या गाईला म्हणजे 10 ते 12 किलो. हिरव्या चाऱ्यात 20 ते 25 टक्केच कोरडा अंश असतो, बाकी पाणी. 25 किलो हिरवा चारा टाकला की पोट भरल्यासारखं दिसतं, पण गाईला मिळाले जेमतेम 5-6 किलो. उरलेला अंश कडब्यातून, भुशातून, पेंडीतून यायला हवा. रोजचा 6 किलो कडबा धरला तर एका गाईला वर्षाला सव्वादोन टनांच्या आसपास लागतो. हा आकडा पेरणीआधी कागदावर लिहून ठेवा. कडबा संपल्यावर केलेला हिशोब फक्त पश्चात्तापाच्या कामाचा.

मग पीक निवडा. धान्य आणि वैरण दोन्ही हवं असेल तर उंच वाढणारी, पानं भरपूर असलेली ज्वारी किंवा बाजरी घ्या. बुटक्या जाती दाणा चांगला देतात, पण गव्हाणीत त्यांचा फार उपयोग नाही. ज्वारीचं ताट दाणा पिकल्यावरही बरंचसं हिरवं राहतं, म्हणून तिचा कडबा गव्हाच्या भुशापेक्षा सरस. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त असल्याने तो खरखरीत असतो आणि पचायला जड जातो. फक्त चाराच हवा असेल तर संकरित नेपियर घ्यावं. ते बाजरी आणि हत्ती गवताच्या संकरातून आलेलं असून त्याला रुजणारं बी धरत नाही, कांड्या लावूनच वाढवावं लागतं.

पेरणीचं प्रमाणही हेतूप्रमाणे बदलतं. धान्यासाठी ज्वारीचं बी हेक्टरी 10 किलोच्या आत-बाहेर पुरतं, चाऱ्यासाठी 40 किलोपर्यंत टाकतात. दाट पेरलं की ताटं बारीक, रसाळ राहतात आणि जनावर ती टाकून देत नाही. दाट पेरून वर भरघोस कणसांची अपेक्षा ठेवणं हा मात्र हमखास फसणारा लोभ आहे. दोन्ही हवंय तर शेताचे दोन तुकडे करा.

पायरी दुसरी : कापायची वेळ

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळा लेख या पायरीसाठी आहे.

गवत आधी पोंग्यात (गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) असतं, मग पोटरीत येतं म्हणजे कणीस पानाच्या आवरणात फुगतं, निसवतं म्हणजे कणीस बाहेर पडतं, फुलोऱ्यात जातं, दाणा चिकात (दुधाळ अवस्थेत) भरतो, शेवटी टणक होतो. पोंग्यापासून पुढे प्रत्येक टप्प्याला वजन वाढतं आणि पचनीयता घटते, कारण ताटात लिग्निन, म्हणजे ताटाला लाकडासारखं कठीण करणारं द्रव्य, साचत जातं. ते कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांनाही फुटत नाही. प्रथिनंही पानांतून दाण्याकडे सरकतात. म्हणून निव्वळ चाऱ्यासाठी कापायचं असेल तर वजन आणि कस यांचा मेळ बसतो तो निसवल्यापासून अर्ध्या फुलोऱ्यापर्यंत. ओट, ज्वारी, बाजरी सगळ्यांना हे ढोबळमानाने लागू आहे. मक्याला थोडं थांबावं, दाणे चिकात येऊ द्यावेत.

आता विषाचं. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं, तुडवलं, कोमेजलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचं विष, सुटतं. सर्वांत जास्त ते गुडघ्याखालच्या कोवळ्या रोपात, अवर्षणाने खुंटलेल्या पिकात, आणि कापणीनंतर खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यांत असतं. पाऊस लांबला, पीक सुकलं, मग एक सर आली आणि खुंट हिरवे झाले की ते दृश्य फार मोहक दिसतं. त्याच दिवशी जनावर सुटून शेतात शिरतं आणि तासाभराच्या आत कोसळतं. श्वास जोरात चालतो, तोल जातो, झटके येतात, रक्त लालभडक दिसतं. घरगुती उपायांत वेळ घालवू नका, पशुवैद्याला बोलवा. इंजेक्शनचा उतारा आहे, पण घड्याळ आपल्या विरुद्ध चालत असतं. पीक अर्धं फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी ज्वारी न घालणं हाच खरा उपाय. सुदान गवत आणि बांधावर माजणारं जॉन्सन गवत हे ज्वारीचेच भाऊबंद, त्यांनाही हाच नियम. नीट वाळलेल्या कडब्यात ही भीती राहत नाही, कारण वाळताना आम्ल उडून जातं. बाजरीत धुरीन नसतंच.

बाजरीला दुसरी व्याधी आहे, नायट्रेटची, आणि ती ज्वारी, मका, ओट यांनाही असते. युरिया भरपूर टाकलाय, मग पाण्याचा ताण पडला किंवा आठवडाभर आभाळ राहिलं, की मुळांनी ओढलेलं नत्र ताटाच्या बुडख्यात तसंच साठून राहतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. इथे रक्त चॉकलेटी दिसतं. सायनाइडमध्ये लाल, नायट्रेटमध्ये तपकिरी, एवढी खूण पशुवैद्याला फोनवर सांगितलीत तरी त्याचं अर्धं काम होतं, कारण दोन्हींचे उतारे वेगळे आहेत. आणि लक्षात ठेवा, वाळवल्याने नायट्रेट जात नाही. ताण पडलेलं पीक कापायचंच असेल तर बुडखा वीतभर उंच सोडून कापा.

पुन्हा फुटायला हवं असलेलं पीक तसंही जमिनीसरशी कापू नये. 10 ते 15 सेंटिमीटर खुंट ठेवला की फुटवे जोमाने येतात.

पायरी तिसरी : दाणा केव्हा काढावा

दाणा जिथे कणसाला चिकटलेला असतो तिथे, बुडाशी, एक काळा ठिपका येतो. ज्वारीत तो नखाने दाणा काढून पाहता येतो, मक्यात दाण्याचं टोक खरवडून. हा ठिपका म्हणजे झाडाने दाण्याचं दार लावलं. यापुढे दाण्यात एक कणही भर पडत नाही, फक्त पाणी उडतं. त्या वेळी ओलावा 30 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून लगेच मळणी जमत नाही. पण कडबा चांगला हवा असेल तर फार थांबूही नये. रोज उन्हात उभं राहून पानं झडतात, आणि कडब्यातली चव पानांतच असते. मी तर कणसं खुडून खळ्यावर वेगळी वाळवायची आणि ताटं लगोलग कापून पेंढ्या बांधायच्या, याच मताचा आहे. मजुरी जास्त लागते हे मान्य.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावून वाळवा, मग बुडखे बाहेर आणि पानं आत ठेवून गंजी रचा. भिजलेला कडबा काळा पडतो. गवताची गंजी ओली रचली तर आणखी वाईट, कारण ती आतून तापते आणि काही वेळा आपोआप पेटते. 15 टक्क्यांवर ओलावा असलेलं गवत रचू नये. मूठभर घेऊन पिळावं. काड्या मोडल्या तर वाळलंय, नुसत्या वाकल्या तर नाही.

पायरी चौथी : धान्य साठवणं

धान्याचा ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास हवा. मोजायचं यंत्र नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या, तिच्यात तिसऱ्या हिश्शापर्यंत धान्य आणि मूठभर पूर्ण कोरडं मीठ टाका, झाकण लावून काही मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा उन्हात घाला. मीठ सुटं राहिलं तर साठवायला हरकत नाही. दाताखाली दाणा कट्कन फुटणं ही जुनी खूणही खरी आहे, पण दात आणि अंदाज दोन्ही माणसागणिक बदलतात.

उन्हातून आणलेलं धान्य गरम असताना कोठीत भरू नका. आत गार होताना घाम सुटतो आणि वरच्या थराला बुरशी धरते. पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. सगळ्यांत चांगलं म्हणजे हवाबंद भांडं किंवा पिशवी. आत राहिलेले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात आणि स्वतःच मरतात, औषध लागत नाही. पण हे फक्त कोरड्या धान्याला लागू. ओलं धान्य हवाबंद केलं तर ते आंबतं.

बियाण्याची पिशवी आणि खाण्याची पिशवी एका कोपऱ्यात ठेवू नका. रंग लावलेलं बियाणं उरलं तरी ते ना माणसाचं, ना कोंबडीचं. 1971-72 मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं औषध लावलेलं गहू-जवाचं बियाणं लोकांनी दळून खाल्लं. धुतल्यावर लाल रंग गेला, पारा गेला नाही. रुग्णालयांत 6,530 जण दाखल झाले आणि 459 दगावले. परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागले, म्हणून तोवर सगळ्यांना ते खाणं निर्धोक वाटत राहिलं.

पायरी पाचवी : बुरशी ओळखा

बाजरीच्या कणसातून फुलोऱ्यात मधासारखा चिकट थेंब गळायला लागला की समजा अरगट हा बुरशीचा रोग आलाय. पुढे दाण्यांच्या जागी काळपट, कठीण गाठी होतात. त्या खाण्यात आल्या तर माणसाला उलट्या, चक्कर, तर जनावरात दूध आटणं, गर्भपात असे त्रास होतात. राय या धान्यावरच्या अरगटाने मध्ययुगीन युरोपात हातपाय सडून माणसं मेली. उपाय साधा आहे. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवा आणि त्यात बाजरी ओता. गाठी आणि पोचट दाणे तरंगतात, ते काढून जाळा किंवा खोल पुरा. खाली बसलेली बाजरी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. काढलेल्या गाठी ‘कोंबड्यांना चालतील’ म्हणून बाजूला ठेवायचा मोह होतो. चालत नाहीत.

अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचं दुखणं अधिक चोरटं. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले, आणि शोध घेता घेता भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीपाशी येऊन थांबला. मक्यात ही बुरशी फार येते, विशेषतः दाणा फुटलेला किंवा किडीने पोखरलेला असेल तर. शिजवून, भाजून हे विष जात नाही. गाईने खाल्लं तर त्याचं एक रूप दुधात उतरतं, म्हणजे जनावराच्या गव्हाणीतून ते परत आपल्याच ताटात येतं. ‘माणसाच्या कामाचं नाही, टाका गुरांना’ ही सवय म्हणूनच मोडायला हवी. हिरवट-पिवळी बुरशी दिसली, कुबट वास आला, तर तो मका कोणाचाच नाही.

कोद्रा या बारीक भरडधान्याचंही असंच आहे. काढणीच्या वेळी भिजलेल्या कोद्र्यावर बुरशी वाढली की त्यात सायक्लोपियाझोनिक आम्ल तयार होतं. 2024 च्या ऑक्टोबर अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये 10 रानहत्ती मेले, आणि तपासणीत हेच विष सापडलं. हत्तीएवढ्या देहाला जे झेपलं नाही ते शेळीला काय झेपणार!

पायरी सहावी : मुरघास

चारा भरपूर आहे आणि वाळवायला ऊन नाही, अशा वेळी मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवून टिकवलेला हिरवा चारा. मका सर्वांत सोपा, कारण त्यात साखर पुरेशी असते. दाणा सोलून पाहा. दाण्यावर घट्ट आणि दुधाळ भागाची एक रेघ दिसते. ती अर्ध्यावर आली की कापा. त्या वेळी पूर्ण झाडात ओलावा 65 ते 70 टक्के असतो. एक ते दोन सेंटिमीटरची कुट्टी करून मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. पाणी गळलं तर फार ओली आहे, गोळा लगेच विस्कटला तर फार कोरडी. गोळा सावकाश उमलला की भरायला घ्या.

बाकीचं सगळं काम हवा काढण्याचं. थर द्या, तुडवा, पुन्हा थर द्या. खड्डा किंवा पिशवी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरून बंद करा. हवा संपली की लॅक्टिक आम्ल तयार होतं, आंबटपणा 4 सामूच्या (pH) आसपास स्थिरावतो आणि चारा टिकतो. एका घनमीटरमध्ये 500 ते 600 किलो बसतो. 45 दिवसांनी उघडा. वास आंबटगोड, रंग पिवळसर हिरवा असेल तर जमलं. कुजका, घाण वास म्हणजे हवा किंवा पाणी शिरलंय, तो भाग गाभण जनावराला तर अजिबात नको. उघडल्यावर रोज संपूर्ण तोंडावरून किमान 10-15 सेंटिमीटरचा थर काढा. एका कोपऱ्यातून उकरत गेलात तर उरलेला खराब होतो.

एक इशारा : भरल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बंद खोल कोठारातल्या मुरघासातून पिवळसर-तपकिरी विषारी वायू निघू शकतो. डोकावायला आत उतरू नका.

पायरी सातवी : गव्हाणीत घालताना

अख्खी ज्वारी गाईला घातली तर ती शेणात अख्खीच दिसते. भरडून घाला, पण पीठ करू नका. बारीक पीठ कोठीपोटात इतक्या वेगाने आंबतं की पोट आम्लाने भरून जातं. जनावर खाणं सोडतं, रवंथ थांबतो, शेण पातळ आणि आंबट वासाचं होतं. पोतं उघडं राहिलं आणि रात्री गाय सुटली, हे याचं नेहमीचं कारण. नवीन धान्य अर्ध्या किलोपासून सुरू करा, तीन-चार दिवसांनी थोडं वाढवा, दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण मात्रा. सूक्ष्मजीवांची फौज बदलायला तेवढा वेळ लागतोच. धान्याआधी वैरण घातली की लाळ सुटते आणि आम्ल सौम्य होतं.

नुसता भुसा किंवा पेंढा उरला असेल तर 100 किलोवर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडा, प्लॅस्टिकने घट्ट झाकून 21 दिवस ठेवा. उघडल्यावर वाफ जाऊ द्या, मग घाला. त्याने भुसा मऊ होतो आणि प्रथिनांचा अंशही वाढतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना आणि घोड्याला हा भुसा देऊ नये. युरियाचं पाणी बादलीत तसंच सोडून कुठे जाऊ नका. तहानलेलं जनावर ते पिऊन मरतं.

पायरी आठवी : आपल्या ताटात

ज्वारी, बाजरी, नाचणी मळली की दाणा सुटा होतो. राळा, वरी, कोद्रा यांचं तूस दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, ते भरडून, पाखडून काढावं लागतं.

तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी, डाळींत भरपूर. त्यामुळे धान्याशेजारी डाळ हवीच. धान्यातलं फायटिक आम्ल लोह अडवून धरतं, भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने ते कमी होतं. मात्र ज्वारीला मोड आणताना तेच धुरीन पुन्हा हजर होतं, कोंबांत आणि मुळ्यांत. मोड आलेली ज्वारी कच्ची खाऊ नका. ती पूर्ण वाळवा, चोळून कोंब आणि मुळ्या झाडून टाका, मग भाजून दळा.

बाजरीत स्निग्धांश 5 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून तिचं पीठ लवकर कडवट होतं. थोडं थोडं दळावं. मका हेच मुख्य अन्न असेल तर चुन्याच्या पाण्यात शिजवून वापरणं उत्तम. त्याने मक्यात बांधलेलं नायसिन हे जीवनसत्त्व सुटतं, आणि ते न सुटल्यामुळेच मक्यावर जगणाऱ्या लोकांना पेलाग्रा हा त्याच्या कमतरतेचा रोग जडत असे. गहू, जव आणि रायमध्ये ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते ज्यांना बाधतं त्यांना ज्वारी, बाजरी, नाचणी, मका खुशाल चालतात, फक्त जातं किंवा गिरणी गव्हाने माखलेली नसावी.

पीठ चाळल्यावर उरलेला कोंडा पुन्हा गव्हाणीकडे जातो. गव्हाच्या दाण्याचा साधारण 14 टक्के भाग कोंडा असतो, आणि त्यात तंतू आणि फॉस्फरस भरपूर. कॅल्शियम मात्र फार कमी. रोज बराच कोंडा घालत असाल तर त्यात चुनखडीची भुकटी मिसळा. घोड्याच्या बाबतीत हे विसरलं तर त्याचा जबडा फुगून हाडं ठिसूळ होतात.